ब्राझीलचे फोटो आणि सांबा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोटोग्राफी शिकवते. वर्षातून एकदा वर्गात ब्राझीलचे फोटो दाखवते आणि दर वेळी प्रोजेक्टर बंद झाल्यावर तासभर प्रश्न चालतात. त्यातले बरेचसे प्रत्येक बॅचला येतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. पहिल्याच वर्षी एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, या बाईचं नाव काय?" पडद्यावर १८६०च्या दशकातली, डोक्यावर टोपली घेतलेली एक गुलाम स्त्री होती. तिचं नाव फोटोखाली नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक फोटो लावताना मी आधी नाव शोधते. खालची बरीच उत्तरं त्या शोधातूनच आली आहेत.

सांबा म्हणजे कार्निव्हलमधला पिसांचा नाच ना?

तो सांबाचा एक भाग आहे, आणि तोही बराच अलीकडचा. टीव्हीवर दिसणारी रिओ दि जानेरोची मिरवणूक गेल्या शंभर वर्षांतली. त्याच्या आधी, आणि आजही त्याच्या शेजारी, ईशान्येकडच्या बाईया राज्यात गावोगावच्या अंगणात जो सांबा चालतो तो रिंगणाचा. पोर्तुगीजमध्ये त्याला 'सांबा दि रोदा' म्हणतात. रोदा म्हणजे चाक, वर्तुळ. आपला 'रिंगण' हा शब्द त्याला चपखल बसतो.

मग तो आला कुठून?

गुलामांच्या जहाजांतून आलेल्या माणसांकडून. सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अमेरिका खंडात इतकी माणसं दुसऱ्या कुठल्याच देशात नेली गेली नाहीत. गुलामी कायद्यानं संपली ती १३ मे १८८८ रोजी, सगळ्या अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. अंगोला आणि कांगोकडचे लोक, योरुबा बोलणारे लोक, दाहोमीचे लोक, सगळे आपापले ताल आणि देव घेऊन आले. पुढे पोर्तुगीज भाषा, पोर्तुगीज तंतुवाद्यं आणि कॅथलिक सणवार त्यात मिसळले.

रिओच्या बंदरात २०११ साली खोदकाम करताना वालोंगो नावाचा जुना दगडी धक्का सापडला. तो १८११ साली बांधलेला होता. एकट्या त्या परिसरात सुमारे नऊ लाख माणसं उतरवली गेली असावीत असा अंदाज आहे. २०१७ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तिथून पायी जाण्याच्या अंतरावर 'पेद्रा दो साल', म्हणजे मिठाचा खडक, नावाची जागा आहे. त्या खडकाच्या पायऱ्यांवर आजही सोमवारी रात्री सांबा रंगतो.

सांबा दि रोदामध्ये नक्की काय घडतं?

लोक गोल उभे राहतात. वाजवणारे बहुतेक पुरुष, नाचणाऱ्या बहुतेक बायका, आणि टाळ्या सगळ्यांच्या. एक बाई रिंगणात येते. पाय जवळजवळ उचलतच नाही. जमिनीला चिकटून बारीक, भराभर पावलं सरकवते आणि ती थरथर कमरेपर्यंत चढते. या पदन्यासाला 'मिउजिन्यू' म्हणतात, म्हणजे अगदी बारीकसा. तिचं झालं की ती समोरच्या एकीपाशी जाऊन पोटाला पोट लावल्यासारखं करते. याचं नाव 'उंबिगादा', म्हणजे बेंबीची भेट. आता तुझी पाळी, असं ते बोलावणं.

यात दोन मुख्य प्रकार आहेत. 'कोहिदू'मध्ये गाणं आणि नाच एकदम चालतात. 'शुला'मध्ये गायक गात असताना कुणी नाचत नाही. गाणं थांबून वाद्यं बोलायला लागली की मग एकेकीनं आत यायचं. फोटो काढायला गेलेल्याला हा नियम माहीत नसेल तर तो शुला गाताना गायकांच्या तोंडासमोरून आत घुसतो आणि सगळ्यांचा विरस करतो.

युनेस्कोनं २००५ साली या सांबाला मानवजातीच्या मौखिक वारशाचा मान दिला. त्या वेळी एक काळजीची गोष्ट पुढे आली होती. 'माशेत' नावाची लहान व्हायोला, म्हणजे गिटारसारखं तंतुवाद्य, या सांबाचा जीव, पण ती बनवणारा शेवटचा माहीत असलेला कारागीर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वारला होता आणि वाजवणारे म्हातारे झाले होते. नंतर मुलांना ती बनवायला आणि वाजवायला शिकवण्याचं काम मुद्दाम हाती घेतलं गेलं.

ताट आणि सुरी खरंच वाजवतात का?

खरंच. जेवायचं ताट डाव्या हातात धरायचं आणि जेवणाच्या सुरीच्या पात्यानं त्याच्या काठावर घासत ताल धरायचा. आवाज खरखरीत, थोडा चिरका, आणि ढोलांच्या गदारोळातही वेगळा ऐकू येतो. सांतु आमारू या गावच्या दोना एजित या बाई त्यात इतक्या निष्णात होत्या की त्यांचं नावच 'एजित दु प्रातू', ताटवाल्या एजित, असं पडलं. १९१६ साली जन्मलेल्या या बाईंची स्वतःच्या नावाची ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्या २००९ साली गेल्या.

बाकी वाद्यांत 'पांदेरू' आपल्या खंजिरीच्या कुळातलं, फक्त घेर मोठा. 'कुइका' ऐकली की माकड किंचाळतंय असं वाटतं. तिच्या चामड्याला आतून एक बारीक काठी जोडलेली असते आणि ती ओल्या फडक्यानं चोळत वाजवतात.

ब्राझीलमध्ये फोटोग्राफी कधी पोचली?

पोचली असं म्हणण्यापूर्वी एक सांगते. तिथं ती स्वतंत्रपणे शोधलीही गेली होती. एर्क्युल फ्लोरांस हा फ्रेंच माणूस साओ पावलोजवळच्या आजच्या कांपिनास गावात राहत होता. १८३३ साली त्यानं सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर प्रकाशानं प्रतिमा उमटवण्याचे प्रयोग केले आणि १८३४च्या आपल्या वहीत 'फोटोग्राफी' हा शब्द फ्रेंचमध्ये लिहिला. पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच माणसाच्या फोटो काढण्याच्या शोधाची घोषणा झाली १८३९ साली. फ्लोरांसचं काम जगाला कळलं ते १९७०च्या दशकात, बोरिस कोस्सोय या ब्राझिलियन संशोधकानं त्या वह्या अभ्यासल्यावर. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडते आणि मलाही.

दागेरचा कॅमेरा रिओला आला जानेवारी १८४० मध्ये, एका फ्रेंच जहाजावरून. त्याच वर्षी चौदा वर्षांच्या दुसऱ्या पेद्रोनं स्वतःसाठी एक यंत्र विकत घेतलं. हा मुलगा पुढे जवळपास पन्नास वर्षं सम्राट होता आणि आयुष्यभर फोटो जमवत राहिला. १८८९ साली राज्य गेलं, देश सोडावा लागला, तेव्हा त्यानं वीस हजारांहून जास्त फोटोंचा संग्रह राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. त्याला राणीचं नाव द्यावं एवढीच अट घातली.

गुलामांचे फोटो कुणी काढले आणि कशासाठी?

या प्रश्नाला मी नेहमी जास्त वेळ देते.

क्रिश्चियानू ज्युनियर हा अझोर्स बेटांवरून आलेला फोटोग्राफर. १८६०च्या दशकात त्यानं रिओमधल्या गुलामांना स्टुडिओत उभं करून फोटो काढले. न्हावी, टोपल्या विणणारे, फळवाल्या, पाणी वाहणारे. पुठ्ठ्यावर चिकटवलेले हे फोटो हाताच्या तळव्यात मावतात. त्या काळी लोक भेटकार्डासारखे असे फोटो एकमेकांना देत. १८६६ साली त्यानं जाहिरात दिली, तिचा आशय असा : काळ्यांचे नाना प्रकार आणि चालीरीती यांचा संग्रह, युरोपला परतणाऱ्यांना न्यायला अगदी योग्य. म्हणजे परदेशी पाहुण्यानं जाताना घेऊन जायची वस्तू.

असा एखादा फोटो जवळून बघा. मागे कोरा पडदा, हातात कामाचं साधन, अंगावर बऱ्यापैकी कपडे, आणि पाय अनवाणी. त्या समाजात बूट घालणं ही स्वतंत्र माणसाची खूण होती, म्हणून गुलामाचे पाय उघडे. स्टुडिओत कितीही सजवलं तरी पाय खरं सांगतात. नंतर डोळ्यांकडे बघा. काहीजण थेट कॅमेऱ्यात बघतात. धंदा काय हे आपल्याला कळतं, नाव कळत नाही.

१८६५ साली लुई आगासीझ हा स्विस-अमेरिकन शास्त्रज्ञ आला. मानवी वंश वेगवेगळे निर्माण झाले असं त्याचं मत होतं आणि त्याला त्याचे पुरावे हवे होते. त्यानं रिओतल्या आउगुस्तू श्ताल या फोटोग्राफरकडून आफ्रिकी स्त्रीपुरुषांचे विवस्त्र फोटो काढून घेतले : समोरून, बाजूनं, पाठीमागून. ते फोटो हार्वर्डच्या संग्रहात गेले. (आपल्याकडेही त्याच दशकांत माणसांचे 'नमुने' म्हणून फोटो काढणं चालू होतं. इथल्या जातीजमातींचे फोटो इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ मध्ये आठ खंडांत छापले.)

आणि रेसिफे शहरात १८६०च्या सुमारास जुआंव फेरेरा विलेला यानं काढलेला तो फोटो. एक दाई बसली आहे, चांगला पोशाख, शाल. शेजारी उभा असलेला गोरा मुलगा तिच्या अंगावर रेललाय आणि दोन्ही हातांनी तिचा दंड धरून ठेवलाय. तेव्हा एक्स्पोजरला वेळ लागे, हलायचं नाही. मुलगा हलू नये म्हणून जी सर्वांत जवळची ती शेजारी. त्याच्या पकडीतली माया खरी आहे. फोटोसोबत दोघांची नावं टिकली आहेत. मुलगा आउगुस्तू गोमेस लेयाल. दाई मोनिका, एवढंच.

इतके क्लेशदायक फोटो आज का दाखवायचे?

मलाही हा प्रश्न पडतो. श्तालचे फोटो मी वर्गात मूळ रूपात दाखवत नाही. त्याऐवजी रोझाना पावलिनू या साओ पावलोच्या कृष्णवर्णीय चित्रकर्तीनं त्यांचं काय केलं ते दाखवते. २०१३ साली तिनं त्यातल्या एका स्त्रीची प्रतिमा पुरुषभर उंच कापडावर छापली, तुकडे केले आणि ते पुन्हा जाड टाक्यांनी शिवले. कडा मुद्दाम जुळू दिल्या नाहीत. शिवण दिसते, धागे लोंबतात. छातीवर हृदय आलं, पायांखाली मुळं. मोजमापाच्या पट्टीसमोर उभी केलेली बाई तिथं पुन्हा बाई होते.

तिचंच आधीचं एक काम आहे. घरच्या अल्बममधले ११ फोटो लहान लहान कापडी ताइतांवर छापायचे आणि तेच पुन्हा पुन्हा लावत अख्खी भिंत भरायची. सुमारे दीड हजार ताईत. त्या भिंतीवर आजी, मावश्या, काका आहेत. समोर उभं राहिलं की आपण अनोळखी गर्दीकडे बघत नाही, कुणाच्या तरी घरात आलो आहोत असं वाटतं.

तिया सियाता कोण होत्या?

'तिया' म्हणजे मावशी किंवा आत्या. इलारिया बातिस्ता दि आल्मेइदा (१८५४–१९२४) बाईयाहून विशीत रिओला आल्या, पांढरे झालरीचे कपडे घालून रस्त्यावर मिठाई विकू लागल्या. आफ्रिकी देवतांना पुजणाऱ्या कांदोंब्ले धर्मातही त्यांना मोठा मान होता. प्रासा ओंझी चौकाजवळच्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत सभ्य नाचगाणं चाले आणि मागच्या अंगणात सांबा. रिओचा हा भाग 'लहान आफ्रिका' म्हणून ओळखला जातो. हे नाव एतोर दुस प्राझेरेस या चित्रकार-सांबाकाराकडून आलं असं मानतात.

या घराच्या बैठकींतून जन्मलेलं 'पेलू तेलेफोनी' हे गाणं दोंगा या तरुणानं नोव्हेंबर १९१६ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयात आपल्या नावावर नोंदवलं. सांबा म्हणून गाजलेली ती पहिली ध्वनिमुद्रिका. बैठकीतले बाकीचे चिडले, कारण गाणं सगळ्यांनी मिळून रचलं होतं. माझी सहानुभूती त्यांच्या बाजूला आहे, पण दोंगानं नोंद केली नसती तर कदाचित कुणाचंच नाव राहिलं नसतं, हेही खरं.

सांबावर बंदी होती का?

सांबाचं नाव घेऊन बंदी नव्हती. १८९०च्या दंडसंहितेत भटकेपणा गुन्हा होता, कपोएरा ही नाचासारखी लढण्याची कला गुन्हा होती, आणि हातात पांदेरू घेतलेला काळा तरुण दिसला की पोलिसांना तेवढं पुरे होई. जुआंव दा बायाना हा मोठा वादक सांगायचा की पेन्याच्या जत्रेत पोलिसांनी त्याचा पांदेरू हिसकावला. त्यामुळे पिन्येरू माशादू या बड्या सिनेटरच्या घरच्या कार्यक्रमाला तो गेला नाही. कारण कळल्यावर सिनेटरनं नवा पांदेरू करवून दिला आणि त्यावर जुआंवचं नाव घालून आपल्या नावासह कौतुकाचे शब्द लिहवले. पुढे तोच पांदेरू त्याचा परवाना झाला.

'सांबा स्कूल' ही शाळा असते का?

नाही. वस्तीचं मंडळ म्हणा. एस्तासिउ वस्तीतल्या इझमायेल सिल्व्हा आणि मित्रांनी १९२८ साली 'देइशा फालार' (बोलू दे त्यांना!) नावाचा गट काढला. जवळच शिक्षकांची शाळा होती, तर आम्हीही सांबाचे गुरुजी, असं म्हणून 'शाळा' हे नाव पडलं, असं इझमायेल सांगत. याच गटातल्या बिजनं लोण्याच्या मोठ्या डब्याला चामडं लावून 'सुर्दू' हा खर्जातला ढोल बनवला. मिरवणुकीच्या पावलाला ठोका त्यानंच दिला.

पहिली स्पर्धा १९३२ साली प्रासा ओंझीत एका क्रीडा वृत्तपत्रानं भरवली आणि मांगेरा हे मंडळ जिंकलं. रंग हिरवा-गुलाबी, संस्थापकांत कार्तोला (१९०८–१९८०) हा थोर गीतकार. मांगेरा म्हणजे आंब्याचं झाड. आंबा ब्राझीलला पोर्तुगीजांनी आशियातून नेला, आणि तिकडचा काजू त्यांनीच गोव्यात आणला. ही देवाणघेवाण माहीत असली की ते नाव आपल्याला परकं राहत नाही.

प्रत्येक मंडळात 'बायाना'ची तुकडी असावीच लागते : घेरदार झग्यातल्या, बऱ्याचशा वयस्क बायका, गिरक्या घेत जाणाऱ्या. तिया सियातांसारख्या मावश्यांची ती आठवण आहे.

जुन्या प्रासा ओंझीचे फोटो आहेत का?

आहेत, आणि त्यांचं श्रेय आउगुस्तू माल्ता यांना. १९०३ ते १९३६ ते रिओ महापालिकेचे अधिकृत फोटोग्राफर होते. पाडायच्या घरांची नोंद ठेवणं हे त्यांचं काम, पण त्यातच रस्ते, दुकानं, कार्निव्हलही आलं. चौकाचा बराचसा भाग १९४०च्या दशकात रुंद हमरस्त्याखाली गेला.

प्येर व्हर्जे हे नाव सारखं का येतं?

कारण ते बाहेरून आले आणि आत जायला त्यांनी आयुष्य दिलं. फ्रेंच माणूस, जन्म १९०२, श्रीमंत घर सोडून जगभर फिरलेला. १९४६ साली बाईयाच्या साल्वादोरला उतरला आणि तिथलाच झाला. 'ओ क्रुझेरू' या साप्ताहिकासाठी फोटो काढले, मग बाईया आणि पश्चिम आफ्रिका यांच्यातले धागे शोधायला तिकडे वारंवार गेला. १९५३ साली केतू इथं त्याला इफा भविष्यविद्येची दीक्षा मिळाली आणि 'फातुंबी' हे नाव, म्हणजे इफामुळे पुन्हा जन्मलेला. शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाला १९६६ साली सोरबोननं डॉक्टरेट दिली.

त्यांचा कॅमेरा रोलायफ्लेक्स. तो डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरून मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. त्यामुळे समोरच्याला फोटोग्राफरचा चेहरा दिसत राहतो, आणि लेन्स असते बेंबीच्या उंचीवर. व्हर्जेंच्या फोटोंतले गोदी कामगार, कपोएरा खेळणारे, बाजारातल्या बायका किंचित उंच आणि ताठ दिसतात, त्यामागे ही उंची आहे. माणसं आपल्यात मशगूल आहेत, कुणी पोज दिलेली नाही.

कांदोंब्लेचे विधी शूट करता येतात का?

विचारल्याशिवाय नाही, आणि काही विधी विचारूनही नाही. १९५१ साली 'ओ क्रुझेरू'नं साल्वादोरमधल्या दीक्षाविधीचे जोझे मेदेरोस यांनी काढलेले फोटो छापले. मुंडण, अंगावर बळीचं रक्त, बंद खोलीतल्या तरुण मुली. मथळा होता 'रक्तपिपासू देवांच्या वधू'. हे साप्ताहिक त्या दशकात सात लाखांवर प्रती खपत होतं. जे फक्त दीक्षा घेतलेल्यांनी बघायचं ते न्हाव्याच्या दुकानात पडलेलं लोकांनी पाहिलं, आणि कांदोंब्ले मानणारा समाज फार दुखावला. मेदेरोस उत्तम फोटोग्राफर होते, यात वाद नाही. १९५७ साली तेच फोटो त्यांनी शांत, माहितीपर मजकुरासह पुस्तकात आणले. फोटो जवळपास तेच, पण मथळा गेल्यावर ते वेगळे वाचले जातात. कॅप्शन लिहायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हे उदाहरण देते.

सांबाचा सर्वांत मोठा फोटोग्राफर कोण?

माझं उत्तर वाल्तेर फिर्मो. जन्म १९३७, रिओ, स्वतः कृष्णवर्णीय. वृत्तपत्रात सुरुवात, पुढे ॲमेझॉनवरच्या वृत्तांताला पत्रकारितेचा एस्सो पुरस्कार. १९६७च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये काम करत असताना त्यांच्याच व्यवसायातल्या कुणीतरी कार्यालयाला लिहिलं, की असा काळा, अडाणी माणूस का ठेवलात. फिर्मोंनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की त्या घावानंतर त्यांनी ठरवलं : आपल्या माणसांना मानानं, सणासारखं दाखवायचं.

तेव्हा गंभीर फोटोग्राफी म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट असा समज होता. फिर्मोंनी भडक, रसरशीत रंग घेतले. त्यांचे फोटो बरेचदा रचलेले असतात. माणूस कुठं बसणार, मागे कुठली भिंत, सगळं ठरवून. घराघरांत मोलकरीण म्हणून राबून साठीनंतर रंगमंचावर आलेल्या क्लेमेंतिना दि जेझुस त्यांच्या फोटोत राणीसारख्या बसतात. दोना इव्होनी लारा, ज्यांनी नर्स आणि समाजसेविका म्हणून आयुष्यभर नोकरी केली आणि १९६५ साली इंपेरिउ सेरानु मंडळाचं मिरवणूक-गीत रचणाऱ्यांत स्थान मिळवून बायकांसाठी ते दार उघडलं, त्याही तशाच.

काळी त्वचा आणि पांढरे कपडे : एक्स्पोजर कसं ठेवायचं?

बायानांचा फोटो काढताना पहिली चूक इथंच होते. फ्रेममध्ये पांढरी झालर जास्त असली की मीटर फसतो, एकूण उजेड कमी करतो आणि चेहरा काळ्या ठिपक्यासारखा बुडतो. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा, म्हणजे फक्त तेवढ्या जागेचा उजेड मोजा. पण तो आकडा जसाच्या तसा घेऊ नका. मीटर गडद त्वचेला मध्यम करड्याकडे ओढतो. एक स्टॉप कमी करून, म्हणजे उजेड निम्मा करून बघा, झालरीची वीण टिकली पाहिजे. बाजूनं येणारा मऊ उजेड गालावर, कपाळावर चमक आणतो. फ्लॅश तोंडावर मारू नका.

यात तंत्राचाही पक्षपात होता. रंगीत फिल्मचे रंग जुळवायला प्रयोगशाळा गोऱ्या बाईचा फोटो असलेलं 'शर्ली कार्ड' वापरत, कित्येक दशकं. काळी त्वचा नीट उतरत नाही हा दोष त्वचेचा ठरवला गेला. आपल्याकडे लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा चेहरा दोन छटा उजळ करून देतात, ते मला तितकंच खुपतं. सावळा रंग जसा आहे तसा छापायला शिका.

ब्राझीलच्या कार्निव्हलमध्ये गांधीजी कसे?

'फिल्युस दि गांधी', गांधींची मुलं. साल्वादोरच्या गोदी कामगारांनी फेब्रुवारी १९४९ मध्ये, गांधीहत्येला वर्ष होताना, हा गट काढला. कामगार संघटनेवर सरकारची नजर होती. शांततेचं प्रतीक घेऊन रस्त्यावर उतरायचं त्यांनी ठरवलं. पोशाखाला पैसे नव्हते म्हणून पलंगावरच्या चादरी अंगाला आणि टॉवेल डोक्याला. आज त्यात हजारो पुरुष असतात, पण फेटा अजून टॉवेलचाच. तो कार्निव्हलच्या आधी पेलोरिन्यू या साल्वादोरच्या जुन्या भागातल्या गल्ल्यांत बायका सुई-दोऱ्यानं थेट डोक्यावर शिवून देतात. गळ्यात पांढऱ्या-निळ्या मण्यांच्या माळा, ताल कांदोंब्लेतला 'इजेशा', संथ आणि डोलणारा. हे बघून आपल्या लोकांना हसू येतं, तेव्हा मी आधी त्या १९४९च्या चादरींची गोष्ट सांगते.

आतल्या माणसांनी काढलेले फोटो कुठले बघावेत?

रिओत जानुआरिउ गार्सिया (१९४३–२०२१) यांनी चाळीस वर्षं कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे मोर्चे, सभा आणि घरं टिपली. ब्राझीलशिवाय काळ्या लोकांचा इतिहास आहे, पण काळ्या लोकांशिवाय ब्राझीलचा इतिहास नाही, असं ते म्हणत.

साल्वादोरमध्ये लाझारू रोबेर्तू आणि त्यांच्या साथीदारांनी १९९० साली 'झुम्वी' हा आफ्रो छायाचित्रसंग्रह सुरू केला. पैसा नाही, जागा नाही, निगेटिव्ह घरातच. बाजारातले हमाल, मिरवणुका, 'इले आये'सारखे (१९७४) कृष्णवर्णीय कार्निव्हल गट, मोर्चातले फलक. रिओच्या मारे वस्तीत २००४ साली जुआंव रिप्पेर यांच्या पुढाकारानं 'इमाजेंस दु पोवू' सुरू झालं. तिथं वस्तीतलीच मुलं फोटोग्राफर झाली. त्यांच्या फोटोंत छतावर पतंग उडवणारी पोरं, वाढदिवस, अंगणातला सांबा असतो. बाहेरचे येतात ते बहुधा गोळीबार झाल्यावर.

सेबास्तियांव सालगादू या यादीत का नाहीत?

ते महान ब्राझिलियन फोटोग्राफर होतेच (१९४४–२०२५). पण त्यांचा विषय श्रम, स्थलांतर आणि पृथ्वी, सांबा नव्हे.

प्रत्यक्ष जायचं असेल तर कधी आणि कुठं?

मुख्य मिरवणुकीचं तिकीट महाग. ओस्कार निमायरनं रचलेल्या सांबोद्रोमो या मिरवणुकीच्या मार्गावर (१९८४, लांबी सुमारे ७०० मीटर) कार्निव्हलच्या आधीच्या आठवड्यांत रंगीत तालीम असते, ती फुकट बघता येते आणि चेहरे जास्त मोकळे असतात. बायानांच्या गिरक्यांसाठी शटर १/१५ ते १/३० सेकंद ठेवा. झगा वाहतो, चेहरा टिकला तर टिकतो. दहात एक येईल.

२ डिसेंबर हा सांबा दिन. त्या सुमारास रिओच्या मुख्य स्थानकातून ओस्वाल्दू क्रूसपर्यंत सांबाची आगगाडी निघते, डब्याडब्यात वादक. पूर्वी पोर्तेला या सांबा मंडळाचे लोक पोलिसांना चुकवून गाडीतच गात, त्याची ही आठवण. ऑगस्टच्या मध्याला बाईयात काशुएरा गावी 'बोआ मोर्ती' या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या भगिनीमंडळाचा उत्सव असतो. मिरवणुकीनंतर तिथं सांबा दि रोदा होतो. कॅमेरा काढण्याआधी रिंगणाच्या कडेला उभं राहून टाळ्यांचा ठेका पकडा. तो चुकत असेल तर अजून थांबा. फोटो काढल्यावर नाव विचारा, तिथल्या तिथं वहीत लिहा आणि प्रिंट पाठवा.

घरबसल्या कुठं बघायचं?

'ब्राझिलियाना फोटोग्राफिका' या संकेतस्थळावर (२०१५पासून) एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे हजारो फोटो मोठे करून बघता येतात. मोरेरा साल्लेस संस्थेकडे एकोणिसाव्या शतकातले फोटोग्राफर मार्क फेरेस आणि फिर्मो यांचं काम आहे. व्हर्जेंचं स्वतंत्र प्रतिष्ठान आहे, साल्वादोरला.

एकाच फोटोपासून सुरुवात करायची तर कुठला?

फिर्मोंनी काढलेला पिशिंगिन्यांचा, १९६७च्या सुमारचा. रिओच्या हामोस उपनगरातलं घर. पिशिंगिन्या म्हणजे बासरी आणि सॅक्सोफोनचे उस्ताद, तिया सियातांच्या घरच्या बैठकींत वाढलेले, तेव्हा सत्तरीचे. फिर्मोंनी घरातली डोलखुर्ची उचलून मागच्या अंगणात आंब्याच्या झाडाखाली ठेवली आणि त्यांना त्यात बसवलं. मांडीवर सॅक्सोफोन आहे, पण ते वाजवत नाहीत. प्रेक्षक नाहीत, मंच नाही. दुपारचा उजेड पानांतून खाली झिरपतोय आणि म्हातारा माणूस आपल्या घरी, आपल्या झाडाखाली निवांत बसलाय.